बारा ओळींचा दगड

शिवय्या हिरेमठ माणूस पारखायच्या आधी त्याच्या दारावरची पाटी वाचायचे, आणि बहुतेक वेळा पुढं माणसापर्यंत जायची त्यांना गरजच पडायची नाही. ‘आर्शिवाद’ असं नाव कोरलेल्या बंगल्यात त्यांनी कधी चहा घेतला नाही. घर बांधताना रफार कुठं द्यायचा हे ज्याला विचारावंसं वाटलं नाही, तो चहात साखर तरी काय नीट घालणार, असं त्यांचं म्हणणं. गल्लीत सगळे त्यांना स्वामी म्हणत, कारण ते जंगमाच्या, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहिताच्या, घरात जन्मले होते. बाकी स्वामीपणाचं त्यांच्याकडं काही नव्हतं. होता तो जाड भिंगाचा चष्मा, शाईनं कायमची काळवंडलेली दोन बोटं आणि चुकीच्या अक्षराबद्दलची न निवणारी चीड.

गडहिंग्लजच्याही पलीकडं, जिथं आजी कानडीत रागावते आणि नातू मराठीत उलट बोलतो, अशा एका गावातला त्यांचा जन्म. वडील सोमवारी खांद्याला झोळी लावून, हातात घंटा घेऊन घरोघर फिरायचे. लोक त्यांच्या पायावर पाणी घालायचे, वाकून नमस्कार करायचे, आणि ते पुढच्या दाराशी गेले की झोळीत किडका जोंधळा घातला म्हणून आपापसांत हसायचे. शिवय्यांनी लहानपणी ते एकदा ऐकलं आणि झोळीचा वारसा तिथंच मनातून उतरला. सोळाव्या वर्षी घर सोडून ते कोल्हापुरात आले. लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्याला कानडी आणि मराठी दोन्ही येणारा जुळारी हवा होता. सीमेकडच्या लग्नपत्रिका दोन्ही लिपींत निघायच्या. शिश्याचे खिळे एकेक उचलायचे, ओळ जुळवायची आणि ती उलटी वाचून तपासायची, या कामात त्यांनी चाळीस वर्षं काढली.

त्यातली चार वर्षं एकट्या एका पुस्तकानं खाल्ली. विद्यापीठातले एक वयस्कर प्राध्यापक या भागातल्या जुन्या कानडी शिलालेखांचं पुस्तक छापायला घेऊन आले होते. अक्षर काय आहे ते मला कळल्याशिवाय मी जुळवणार नाही, असं शिवय्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. सर आधी चिडले, मग खूश झाले, आणि पुढं रविवारी सायकलवर डबलसीट घेऊन त्यांना दगड दाखवायला नेऊ लागले. कुठं देवळाच्या पायरीला पालथा घातलेला, कुठं धुणं आपटून गुळगुळीत झालेला. ओला कागद दगडावर बसवून, ब्रशनं ठोकून, वर शाईची पुरचुंडी फिरवून ठसा कसा घ्यायचा तेही सरांनीच शिकवलं. पुस्तक निघालं, खपलं नाही, सर वारले, छापखानाही पुढं बंद पडला. शिवय्यांकडं जुनी कानडी तेवढी उरली. तिचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता, म्हणून ती शाबूत राहिली.

शुक्रवार पेठेतल्या ज्या गल्लीत ते आणि त्यांची बायको हिराबाई राहत, तिथं गेल्या दहाएक वर्षांत धर्माला फार चांगले दिवस आले होते. तालमीशेजारच्या मोकळ्या जागेत त्याची दोन दुकानं समोरासमोर निघाली होती. एक राजवर्धनचं. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा, ‘राष्ट्रधर्म जागर मंच’ नावाच्या संस्थेचा अध्यक्ष. त्याचं संपर्क कार्यालय पक्क्या विटांचं. देश म्हणजे धर्म, धर्म एकच, आणि ज्याला हे पटत नाही त्यानं आपली वळकटी उचलावी, एवढं तो दर आठवड्याला माईकवरून सांगायचा. स्वतः मात्र कर्नाटकातून येणाऱ्या फरशीच्या गाड्या जकातीच्या काळात नाका चुकवून कशा आणायचा ते गल्लीला माहीत होतं.

दुसरं दुकान शशिधरचं, आणि हा शिवय्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला तेव्हा शिवय्यांनीच त्याला कोल्हापुरात आणून शिकवला होता. टाइल्सच्या व्यापारात जम बसल्यावर त्याला धर्म सापडला. ‘स्वतंत्र धर्म समता परिषद’ त्यानं काढली आणि समोरच पत्र्याचं प्रार्थना सभागृह उभं केलं. आपण लिंगायत हिंदू नव्हेच, आपला धर्म निराळा, या मातीचे मूळ मालक आपण, या देशाला समता आपणच शिकवली, तेव्हा देशावर पहिला हक्क आपला. हे तोही माईकवरूनच सांगायचा. दोन्ही कर्णे एकमेकांकडं तोंड करून बसवलेले होते, आणि मधल्या घरांतली माणसं टीव्हीचा आवाज वाढवून जेवायची.

आपण कोण, हा प्रश्न शिवय्यांना खोटा वाटत नव्हता. गळ्यात त्यांच्या आईनं बांधलेलं लिंग होतं, ते त्यांनी कधी काढलं नाही आणि कधी शर्टाबाहेरही काढून दाखवलं नाही. त्यांना खोटे वाटत ते विचारणारे. ते म्हणायचे, या दोघांच्या भाषणांतली विशेषनामं तेवढी उचलून बाजूला ठेवली तर खालचा छपाईचा फर्मा एकच आहे.

महापालिकेची निवडणूक तोंडावर आली, राजवर्धन उभा राहिला, तेव्हाच गल्लीत ड्रेनेजचं काम निघालं. ठेकेदाराचा मुकादम होता भाऊसो कांबळे. घर छप्पन सालापासून बौद्ध. भाऊसो जन्मला त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण आजोबांनी घरातले देव कसे उतरवले ते तो स्वतः बघितल्यासारखा सांगायचा. शिवय्यांशी त्याची जुनी ओळख. दोघंही सकाळी एकाच टपरीवर चहा घेत आणि एकाच पेपरातल्या चुका काढत, एक अक्षरांच्या आणि दुसरा बातम्यांच्या. तालमीजवळ चर खणताना जेसीबीचा दात कशाला तरी घासला, तसा भाऊसोनं हात वर करून मशीन थांबवलं, खाली उतरला आणि हातानं माती काढू लागला. दीड तासानं पाच फुटी काळा दगड उभा राहिला. वर चंद्र-सूर्य, त्याखाली एक लिंग, शेजारी मांडी घालून बसलेली एक मूर्ती, गाय-वासरू. मध्ये अक्षरांच्या बारा ओळी. अगदी तळाला एक गाढव.

बातमी गेली तशी दोन्ही मंडळी धावत आली. राजवर्धननं लिंग बघितलं आणि हात जोडले. शशिधरनंही तेच लिंग बघितलं आणि हात जोडले. गाढव कुणालाच दिसलं नाही. भाऊसो शिवय्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, ती बसलेली मूर्ती मला आमच्यातली वाटालीया, पण मी गप बसतो, नाहीतर उद्या तिसरा मांडव पडंल.

संध्याकाळपर्यंत दोन फ्लेक्स लागले. एकावर दगडाचा फोटो आणि खाली ‘नऊशे वर्षांपूर्वीच्या हिंदूराष्ट्राचा जिवंत पुरावा’. दुसऱ्यावर तोच फोटो आणि खाली ‘आमच्या स्वतंत्र धर्माचा पाषाणातील जाहीरनामा’. दगडावरचं एक अक्षर वाचता येणारा माणूस दोन्ही बाजूंना नव्हता. शिवय्या दोन्ही फ्लेक्सखाली उभे राहून आले आणि घरी येऊन हिराबाईंना म्हणाले की एकानं ‘पुरावा’ आणि दुसऱ्यानं ‘पाषाण’ बरोबर लिहिलंय, म्हणजे छापणारा तरी शहाणा आहे.

तिसऱ्या दिवशी दगडाला शेंदूर लावायला आलेली पोरं आणि भस्म लावायला आलेली पोरं यांची हातघाई झाली. दोघांची डोकी फुटली. पोलीस येऊन बसले. पुरातत्त्व खात्याकडं पत्र गेलं, पण तिकडून माणूस यायला महिना लागणार आणि मतदान त्याच्या आधी. तेव्हा पोलीस ठाण्यातल्या बैठकीत ठरलं की येत्या रविवारी दगडाचं जाहीर वाचन करायचं, आणि वाचणार शिवय्या हिरेमठ. एवढ्या सगळ्या भांडणात ही एकच गोष्ट दोघांनी बिनतक्रार मान्य केली. राजवर्धनला वाटलं, स्वामी आहे, देवाधर्माचा माणूस आहे. शशिधरला वाटलं, घरचाच आहे.

त्याच दिवशी दुपारी राजवर्धन पेढे घेऊन आला. पाया पडला. हिराबाईंना काकू म्हणाला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून, अगदी सहज आठवल्यासारखं त्यानं सांगितलं की हिंदू हा शब्द कुठं तरी असणारच, किंवा निदान राष्ट्र हा शब्द. नसला तरी त्या अर्थाचं काहीतरी असतंच, ते स्वामींनी उलगडून सांगावं. तो गेला आणि अर्ध्या तासात शशिधर आला. त्यानं पेढ्यांचा पुडा बघितला, कुणी आणला ते ओळखलं आणि थेट मुद्द्यालाच हात घातला. थोरल्या चुलत्याला तो कानडीत दोडप्पा म्हणायचा. दोडप्पा, तुम्ही मला वाढवलं ते विसरलो नाही, असं तो म्हणाला, आणि त्याच दमात खिशातून घडी घातलेला कागद काढला. दगडावर काय लिहिलेलं आहे ते त्यानं टाइप करूनच आणलं होतं.

शिवय्यांनी कागद उघडला, चष्मा पुसून वाचला आणि परत दिला.

“मग मला वाचायला कशाला लावतायसा? छापून तयारच हाय की,” ते म्हणाले.

शशिधर हसला. त्याला तो होकार वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवय्या आणि भाऊसो दगडापाशी गेले. पोलीस खुर्चीवर पेंगत होता. भाऊसोनं पाणी ओतलं आणि मऊ ब्रशनं शेंदूर आणि भस्म दोन्ही धुऊन काढलं. ते एकाच गटारात गेलं. मग शिवय्यांनी ओला कागद दगडावर चिकटवला आणि ठोकायला सुरुवात केली. बहात्तराव्या वर्षी हात दुखत होते, पण कागदाखालून अक्षरं वर येऊ लागली तसा त्यांच्या अंगात एक जुना हुरूप आला. वीस वर्षं कुणी त्यांना एवढं नीट काम दिलं नव्हतं.

तीन दिवस ते ठशावर बसले. जेवायला उठायचे ते हिराबाईंनी ताट आपटल्यावर. सातव्या ओळीत त्यांना एक गंमत सापडली. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या कोरक्यानं एक अक्षर गाळलं होतं, ते त्याच्या लक्षात आलं, आणि मग त्यानं दोन ओळींच्या मधल्या फटीत ते बारीक करून कोरलं होतं. शिवय्यांनी ते भिंगातून बघितलं आणि त्यांना त्या माणसाबद्दल जी माया वाटली ती हयात असलेल्या फार थोड्यांबद्दल वाटली होती. आपली चूक झाली हे कळणारा आणि ती सगळ्यांसमोर दुरुस्त करणारा माणूस याच गल्लीत एकदा होऊन गेला, असं त्यांनी हिराबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, व्हय, पण जेवा आधी.

बाराव्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा शिवय्यांनी सगळा लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग हसत सुटले. हिराबाईंनी विचारलं तर म्हणाले, रविवारी ऐकशील.

रविवारी गल्ली गच्च भरली. एका बाजूला राजवर्धनचा मांडव, दुसऱ्या बाजूला शशिधरचा, मध्ये दगड आणि पोलीस. दोन्हीकडच्या वक्त्यांनी आधी आपापलं सांगून घेतलं. पुण्याहून आणलेल्या एका इतिहास संशोधकानं मोबाइलवरच्या फोटोवरून लेख संस्कृत असल्याचं जाहीर केलं. मग शिवय्यांना माईक दिला. त्यांनी कागद काढला आणि कसलीही प्रस्तावना न करता, आधी एकेक ओळ कानडीत आणि मग तिचा मराठी अर्थ, असं वाचत गेले.

लेख असा होता. ग्रहणाच्या पर्वकाळी, तारखेतला एक आकडा उडालाय, कोल्लापुरच्या पेठेतले तेली, पानवाले आणि नाना देशांहून आलेले व्यापारी एकत्र जमले. पुढं चार जणांची नावं, त्यातला एक पानवाला केपय्य. त्यांनी मिळून इथल्या विहिरीभोवतीची चाळीस हात जागा कायमची सोडून दिली. का, तर शिवाच्या दाराला जाणाऱ्यानं, बुद्धाच्या दाराला जाणाऱ्यानं, जिनाच्या दाराला जाणाऱ्यानं, देवीच्या दाराला जाणाऱ्यानं आणि कुठल्याच दाराला न जाणाऱ्यानं इथं पाणी प्यावं. गुरांनीही प्यावं. राजा असो की गुरू, या जागेत कुणी घर, दुकान किंवा चौथरा बांधू नये. बांधील तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन जन्म घेईल. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी खाली गाढव काढलेलं आहे. त्या गाढवाचा अर्थ बांधणाऱ्याच्या आईपर्यंत जात होता. तो शिवय्यांनी बायका समोर आहेत म्हणून सांगितला नाही, पण माना खाली घालून हसणाऱ्या म्हाताऱ्यांना तो ठाऊक असावा.

मग राजवर्धन आपल्या मांडवातून म्हणाला, “स्वामी, हिंदू हा शब्द कुठं आला?”

“आला न्हाय.”

“राष्ट्र?”

“त्योबी न्हाय. देश हाय. पण त्यो व्यापाऱ्यांचा गाव कुठला ते सांगण्यापुरता.”

शशिधर उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. “दोडप्पा, आपल्या धर्माचं नाव तर असंल की.”

“न्हाय.”

“मग हाय काय त्यात?”

“पाणी हाय,” शिवय्या म्हणाले.

मग गर्दीतून वर्षाराणी पुढं आली. ही गल्लीतली पापड लाटून विकणारी बाई, घरी नळाला दिवसाआड पाऊण तास पाणी. देवाधर्मावर ती कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही. तिनं विचारलं की दगड इथं निघाला म्हणजे ती विहीरही इथंच असणार, तर ती कुठं आहे. शिवय्यांना ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, दगड फक्त तिचा उल्लेख करतोय. तेव्हा मागून भाऊसो बोलला. त्याला बोलायची काही गरज नव्हती आणि रोजगार ठेकेदाराच्या हातात होता. तरी बोलला.

“हिरीचा काठ मला चर खणतानाच लागलाय. बांधीव दगडाचा. अर्धा राजवर्धनसायबांच्या हापिसाच्या पायरीखाली जातोय, आन् अर्धा शशिधरअण्णांच्या सभागृहाखाली.”

त्यानंतर सभा झाली असं म्हणता येणार नाही. कुणी टेप आणला, कुणी हातानं चाळीस हात मोजायला लागलं. दोन्ही मांडव त्या मापाच्या आत पडत होते, आणि गल्लीतल्या पोरांना ते मोजायची एवढी मजा वाटली की त्यांनी ते चार वेळा मोजलं. बायकांनी तिथल्या तिथं विहीर उघडायची मागणी केली. पोलिसांनी सगळ्यांना घरी पाठवलं.

जे दहा वर्षांत कुठल्या संताला आणि कुठल्या पुढाऱ्याला जमलं नव्हतं ते त्या दगडानं तीन दिवसांत केलं. राजवर्धन आणि शशिधर एका हॉटेलात एकाच टेबलाला बसलेले लोकांनी बघितले. चौथ्या दिवशी दोघांच्या सह्यांचं एक पत्रक घरोघर आलं. शिवय्या हिरेमठ हे तज्ज्ञ नसून निवृत्त जुळारी आहेत, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांचं वाचन राष्ट्रविरोधी तसंच धर्मविरोधी आहे, आणि समाजात फूट पाडण्याच्या या कारस्थानाला दोन्ही संघटना एकजुटीनं उत्तर देतील, असं त्यात होतं. पंधरा दिवसांपूर्वी एकमेकांना देश सोडायला सांगणाऱ्यांनी एका छपाईवाल्याविरुद्ध देश वाचवायला एकत्र यावं, याचं शिवय्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी पत्रक टेबलावर पसरलं, लाल पेन घेतला आणि त्यातल्या सात चुका दुरुस्त केल्या. ‘कारस्थान’ दोनदा चुकलं होतं. मग त्याच्या दोन प्रती करून एकेक दोघांच्या दारात नेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीची काच फुटली. राजवर्धनच्या मंचाच्या ग्रुपवर ते कानडी सरकारचे हस्तक झाले. परिषदेच्या ग्रुपवर ते विकले गेलेले जंगम झाले. आयुष्यभर हस्तक सोडाच, साधी ओळखपत्राची झेरॉक्स वेळेवर न मिळालेल्या माणसाला एका आठवड्यात दोन दोन मोठ्या नोकऱ्या मिळाल्या, असं भाऊसो टपरीवर म्हणाला. त्याची स्वतःची नोकरी मात्र गेली होती. ठेकेदारानं त्याला त्या कामावरून काढून टाकलं. पुढं दोन महिने तो आजऱ्याकडं एका काजूच्या कारखान्याच्या बांधकामावर जाऊन राहिला.

शिवय्यांना खरं लागलं ते शशिधरचं. तो एकदाच आला, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता बोलला. घराण्याचं नाव घालवलंत म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की उद्या दोडप्पा गेले तर समाजातलं कुणीही त्यांना माती द्यायला येणार नाही, याची व्यवस्था तो करील. जंगमाच्या घरात जन्मून, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मातीला उभं राहिलेल्या माणसांच्या वंशात येऊन, हे ऐकायचं.

हिराबाई आतून हात पुसत आल्या.

“तुला ताप आल्ता तवा ह्या माणसानं तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेल्ता,” त्या म्हणाल्या. “त्याला तुझी माती नको. तू तुझ्या टायल्या इक, जा.”

तो गेला. संध्याकाळी शिवय्यांनी एवढंच म्हटलं की पोराचं शुद्धलेखन आपण नीट केलं, त्यापलीकडं काही नीट झालं नाही. हिराबाईंनी त्यांना चहा दिला आणि त्या शेजारी बसून राहिल्या.

निवडणुकीआधी आठवडाभर बायकांच्या मागणीचा मान राखून गल्लीत टँकर आले. मतदान झाल्यावर ते बंद झाले. राजवर्धन निवडून आला, शशिधरच्या पाठिंब्यावर. दगडाचं काय करायचं हा प्रश्न दोघांनी मिळून सोडवला. तालमीच्या भिंतीला लागून ग्रॅनाइटचा चौथरा बांधला, त्यात दगड सिमेंटनं पक्का बसवला, अक्षरांची बाजू भिंतीकडं आणि गुळगुळीत पाठ लोकांकडं. पाठीवर एक छोटी छत्री, हार घालायला हूक. समोर पाटी: ‘राष्ट्रीय व धार्मिक एकात्मता शिल्प, लोकार्पन सोहळा’, आणि खाली दोघांची नावं. चौथऱ्याचा पाया विहिरीच्या काठावरच आला. साठ हजार वर्षांच्या शिक्षेला पात्र व्हायला आणखी काय करावं लागतं ते शिवय्यांना सुचेना. पाटीवरचा ‘लोकार्पन’ त्यांनी जाता येता वाचला. लोक कामावर जाताना त्या पाठीला नमस्कार करून जाऊ लागले, दोन्ही मांडवांतले सारख्याच भक्तीनं. वर्षाराणी तेवढी करत नसे. ती घागर घेऊन तिथून जायची आणि चौथऱ्याला मुद्दाम घासून जायची.

मग पुरातत्त्व खात्याची बाई आली. दीप्ती नाव, पस्तिशीची, पाठीवर सॅक, पायात धुळीचे बूट. तिनं चौथरा बघितला, दगडाची पाठ बघितली, आणि लेख कुठं आहे म्हणून विचारलं. दोन्ही कार्यालयांतून तिला सांगण्यात आलं की शिल्पाची प्रतिष्ठापना झाली आहे, आता ते हलवणं भावनांच्या विरुद्ध जाईल. कुणीतरी तिला शिवय्यांचं घर दाखवलं.

शिवय्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि मनात म्हटलं, हीही आता विचारील की हिंदू शब्द कुठं आहे. तिनं विचारलं की ठसा आहे का. त्यांनी तो कपाटातून काढून जमिनीवर पसरला. तिनं बूट दाराबाहेर काढून ठेवले, मांडी घालून बसली, भिंग काढलं आणि पुढचे तीन तास ती त्या घरातल्या कुणाशीही बोलली नाही. हिराबाईंनी पोहे आणून ठेवले ते थंड झाले. सातव्या ओळीतल्या त्या बारीक कोरलेल्या अक्षरापाशी ती थांबली आणि हसली. शिवय्यांनी ते बघितलं.

शेवटी ती म्हणाली की वाचन उत्तम आहे, अहवालात ती ते तसंच्या तसं त्यांच्या नावानं देणार आहे. फक्त चौथ्या ओळीत पानवाल्याचं नाव त्यांनी केपय्य वाचलंय. तिला ते केवय्य वाटतंय. त्या काळच्या कानडीत प आणि व फार सारखे दिसतात, पण इथं वरची आडवी रेघ जुळलेली आहे.

शिवय्या ताडकन म्हणाले की चाळीस वर्षं अक्षरांत गेली आहेत, तो प आहे. ती म्हणाली, असेल, पण मला व दिसतो. दोघं त्या एका अक्षरावर अंधार पडेपर्यंत भांडले. तिनं दुसऱ्या तीन शिलालेखांचे फोटो काढून दाखवले. त्यांनी सरांचं जुनं पुस्तक काढून दाखवलं. एकानंही दुसऱ्याचा धर्म विचारला नाही की देश विचारला नाही. ती पुण्याची शेवटची गाडी गाठायला उठली तेव्हाही वाद मिटला नव्हता. जाताना ती वाकून नमस्कार करायला लागली तर शिवय्यांनी पाय मागं घेतले आणि म्हणाले, आधी प मान्य करा.

अहवाल पुढं निघाला. गल्लीत कुणी वाचला नाही. दगड अजून भिंतीकडं तोंड करून आहे.

त्यानंतर आठवडाभर शिवय्या ठसा खिडकीशी नेऊन उजेडात बघत होते. कधी उलटा धरून, कधी आरशात. एका सकाळी त्यांनी आपल्या वाचनाची वही उघडली, चौथ्या ओळीतला प लाल पेननं खोडला, वर व लिहिला, आणि पोस्टकार्ड घेऊन बसले. तुमचं बरोबर, माझं चूक, रेघ जुळलेली आहे, असं लिहून त्यांनी खाली पूर्ण नाव घातलं.

हिराबाईंनी विचारलं की त्यानं लेखाच्या अर्थात काय फरक पडला.

“काय न्हाय,” ते म्हणाले. “एका पानवाल्याचं नाव नीट झालं.”

आणि चप्पल घालून ते पोस्टात गेले.